आठवण काढायची, चित्रही काढायचं: घरातल्या जुन्या वस्तूपासून सुरुवात कशी करायची

मला गेल्या पाच-सहा वर्षांत बऱ्याच जणांनी विचारलंय की तू रविवारी ते जुन्या वस्तू समोर घेऊन काहीतरी काढत बसतेस ते नक्की काय असतं, आणि आम्हाला जमेल का, तर एकदाच सगळं लिहून टाकते. जमतं. मी काही आर्टिस्ट नाही, शाळेत असताना एलिमेंटरी दिली, इंटरमिजिएटला बी ग्रेड आला आणि तिथंच माझं चित्रकलेचं करिअर संपलं. पुढं पंधरा वर्षं मी लग्नपत्रिकेवर हळदीचं बोट लावण्यापलीकडं काही केलं नव्हतं.

आपल्याकडं एक प्रॉब्लेम जास्त आहे. कोल्हापूरला कलापूर म्हणतात, आबालाल रहमान, बाबूराव पेंटर असे मोठे चित्रकार इथले, आणि पेठेतल्या दर तिसऱ्या घरात कुणीतरी एकदम भारी पोर्ट्रेट काढणारा काका असतोच. त्यामुळं आपण पेन्सिल हातात घेतली की पाठीमागून कुणीतरी बघतंय असंच वाटत राहतं. तर पहिली गोष्ट ही की इथं चित्र चांगलं यायची गरजच नाही. चित्र काढायचं ते वस्तूकडं नीट बघायला भाग पडावं म्हणून. पेन्सिल हातात नसली तर आपण दोन मिनिटांत उठतो आणि चहा ठेवतो, एवढंच.

आणि दुसरी गोष्ट, जी मला कळायला दोन वर्षं गेली. घरातल्या प्रत्येक जुन्या वस्तूची एक गोष्ट आधीच ठरलेली असते, सगळे तीच सांगतात, त्याच शब्दांत, पाहुणे आले की परत तीच. त्या गोष्टीवरून चित्र काढू नका. वस्तूवरून काढा. गोष्ट वेगळं सांगते आणि वस्तू वेगळं सांगते असं बऱ्याचदा निघतं, पुढं डब्याचं सांगते तेव्हा कळेल.

काय काय लागतं

रेघा नसलेली वही, २ बी आणि ६ बी अशा दोन पेन्सिली, चार-पाच बटर पेपर, मेणाचे खडू, कागदी चिकटपट्टी. कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात दोनशेच्या आत काम होतं. महागडं स्केचबुक घेऊ नका, पहिलं पान खराब होईल या भीतीनंच ते कोरं राहतं, माझं एक अजून कोरं आहे.

कुठली वस्तू घ्यायची

वापरून झिजलेली घ्या. शोकेसमध्ये वीस वर्षं बसलेल्या ताजमहालाला काही सांगायचं नसतं. ज्याच्यावर हात फिरलाय, जे पडलंय, दुरुस्त झालंय, ज्याला ठिगळ आहे, कुणीतरी दोरा बांधलाय असं काहीतरी. साधारण मांडीवर मावेल एवढं.

आणि पहिल्याच फटक्याला सगळ्यात जवळच्या माणसाची सगळ्यात जड वस्तू घेऊ नका. माझ्या एका मैत्रिणीनं आईचा चष्मा घेतला होता, आई जाऊन दोन महिने झालेले, दहा मिनिटांत वही मिटली आणि मग वर्षभर हात लावला नाही. आज्जीची, चुलत आजोबांची, शेजारच्या काकूंची, अशी थोडी लांबची वस्तू आधी घ्या, जवळची नंतर आपोआप येते. रडू आलं तर येऊ दे, वस्तू परत जागेवर ठेवा, त्या दिवसाचं तेवढंच. पण पुढं चार-पाच रात्री झोपच लागेना, सारखं तेच डोक्यात, असं झालं तर हे बाजूला ठेवून समुपदेशकाशी बोला, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

वस्तू खाली काढली की एक मोह होतो. पितांबरी. किंवा चिंच आणि मीठ. कृपा करून थांबा. पितळेवरचा काळपटपणा, हँडलजवळचा तेलकट चकाकता भाग, तळाची काजळी हेच तर वाचायचंय. धूळ फक्त कोरड्या मऊ कापडानं हलकी पुसा. मी पहिल्या वर्षी आज्जीची समई एवढी लखलखीत घासली की ती परवा भांडीवाल्याकडनं आणल्यासारखी दिसायला लागली, आई खूश झाली आणि माझ्याकडं बघायला काही उरलं नाही.

आधी लेबल लिहा, भावना नंतर

हे मी टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये शिकले. तिथं ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पॉसिडॉनची ब्राँझची छोटीशी मूर्ती आहे, पॉसिडॉन म्हणजे ग्रीक लोकांचा समुद्राचा देव. आता पंचगंगेच्या काठावर समुद्राचा देव काय करत होता, कुठल्या व्यापाऱ्याच्या गाठोड्यातनं आला, किती हात बदलले, डोकं गरगरतं. पण लेबल कोरडंच असतं, काय आहे, कशाचं आहे, कुठं मिळालं. त्या कोरडेपणामुळंच आपण परत वर मूर्तीकडं बघतो.

तसंच करायचं. वस्तूचं नाव, कशाची केलीय, माप (वीत, चार बोटं चालेल, पट्टी कशाला), काय तुटलंय, काय बदललंय, वास कसला. "प्रेम", "माया", "संस्कार" हे शब्द लिहायचे नाहीत. माझं आज्जीच्या चंचीचं, म्हणजे पान-तंबाखूच्या कापडी पिशवीचं, लेबल असं होतं:

चंची. खणाचं कापड, मूळ रंग जांभळा असावा, घडीच्या आत दिसतो. चार कप्पे. एक वीत लांब. एका कप्प्यात चुन्याचा कडक पांढरा डाग. वास तंबाखूचा, थोडा कापराचा. तोंडाची दोरी मूळची नाही, बुटाची पांढरी लेस आहे.

लेस लिहिताना मी थांबले. ती चंची मी हजार वेळा बघितलेली, पण लेस कधी दिसलीच नव्हती. शाळेत पीटीचे पांढरे बूट असायचे माझे, त्याची एक लेस हरवली म्हणून मी मार खाल्लेला, चौथीत. आज्जीनं मार खाऊ दिला आणि लेस कमरेला खोचून बसली होती, बघा आता.

वासाचं मुद्दाम लिहा. वासाची मेंदूतली वाट आठवणींच्या आणि भावनांच्या भागाच्या अगदी जवळनं जाते, त्यामुळं फोटो बघून जे आठवत नाही ते कधीकधी कपाट उघडल्या उघडल्या आठवतं. डांबरगोळ्यांनी सगळे वास एकसारखे करून टाकायच्या आधी एकदा हुंगून घ्या.

कागदाकडं न बघता काढा

कागद टेबलाला चिकटपट्टीनं चिकटवा म्हणजे हलणार नाही. मोबाइलवर पाच मिनिटांचा टायमर लावा. वस्तूच्या एका कडेवर नजर ठेवा आणि मुंगी चालल्यासारखी नजर हळूहळू पुढं न्या, तेवढ्याच स्पीडनं पेन्सिल. कागदाकडं बघायचं नाही, पेन्सिल उचलायची नाही. शेवटी कागदावर जे येईल ते बघून तुम्ही हसाल, हसायचंच असतं ते. माझी पहिली चप्पल वांग्यासारखी आली होती.

पण त्याच पाच मिनिटांत मला आबांच्या कोल्हापुरीबद्दल तीन गोष्टी कळल्या. एक, उजव्या चपलेचा अंगठा निळ्या नायलॉनच्या दोऱ्यानं परत शिवलेला होता, म्हणजे चांगल्या चांभाराकडं न जाता वाटेत कुठंतरी बसून घाईत शिवून घेतलेला. दोन, तळव्यावर बोटांचे खड्डे पडलेले, करंगळीचा खड्डाच नाही, करंगळी बाहेर लोंबत असणार. तीन, डाव्या चपलेची पुढची बाहेरची कड उजवीपेक्षा दुप्पट झिजलेली. मी बराच वेळ डोकं खाजवत बसले, आबा लंगडायचे नाहीत. मग लक्षात आलं, सायकल. आबांना सायकलवर बसूनच गप्पा मारायची सवय होती, सीटवरनं उतरायचे नाहीत, डावा पाय टेकवून बिंदू चौकात अर्धा अर्धा तास. ती कड बिंदू चौकानं खाल्लेली.

हे रोज एकदा असं आठवडाभर करा, तीच वस्तू. तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो, चौथ्या दिवसापासून दिसायला लागतं. ज्यांच्या घरी कोल्हापुरी साज (गळ्यातला दागिना) आहे त्यांना एक सोपा प्रोग्राम सांगते, पारंपरिक साजात २१ पानं असतात, मासा, कासव, शंख, नाग वगैरे, रोज एक पान काढायचं, तीन आठवड्यांचा गृहपाठ तयार. (साज लॉकरमध्ये असेल तर फोटोवरून काढा, बँकेत पेन्सिल घेऊन बसू नका.)

ठसा घ्या

लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो ना, तेच. माक्स अर्न्स्ट नावाच्या जर्मन चित्रकारानं १९२५ मध्ये लाकडी फरशीवर कागद ठेवून हेच केलं आणि त्यातनं पुढं त्याची चित्रं निघाली, म्हणजे आपण एकटे येडे नाही.

आपल्याकडं याच्यासाठी खजिना आहे, नाव घातलेली भांडी. भांडं घेतलं की दुकानदार नाव घालून देतो, पूर्वी हातानं ठोकून ठोकून, आता मशीननं टर्रर्र करून. अमुक यांजकडून सप्रेम भेट, कै. तमुक यांचे स्मरणार्थ, गाव, तारीख. मांडणीवरची सगळी भांडी खाली काढून फक्त नावं वाचली तरी घरातली अर्धी लग्नं आणि वास्तुशांती कळतात, कोण कुणाशी किती जवळ होतं ते पण कळतं, कारण कुणी वाटी दिलीय आणि कुणी घागर ते लपत नाही.

कसं करायचं: पातळ कागद किंवा बटर पेपर अक्षरांवर ताणून चिकटवा, भांडं गोल असेल तर कागदाचे छोटे तुकडे घ्या, मोठा कागद सुरकुततो. ६ बी पेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं एकाच दिशेनं फिरवा. सपाट भाग काळा होतो, खोलगट ठिपके पांढरे राहतात. जोर लावू नका. चकाकत्या पितळेवर डोळ्याला जे दिसत नाही ते कागदावर येतं, कारण उजेडाची तिरीप मध्ये येत नाही. लाकडाच्या पॉलिशवर, फोटोवर, रंग उडत असलेल्या वस्तूवर चिकटपट्टी लावू नका, निघताना रंग घेऊन निघेल.

आता डबा. आमच्याकडं एक पितळी डबा आहे, पाच किलो लाडू बसतील असा, दिवाळीला माळ्यावरनं खाली येतो. त्याची ठरलेली गोष्ट अशी की आज्जीला लग्नात माहेरनं आला, त्या काळात एवढा जड डबा देणं म्हणजे काय होतं, असं पप्पा प्रत्येक वर्षी सांगतात. झाकणाच्या कडेला आज्जीचं नाव आहे, माहेरचं, कागलचं. मी सहज ठसा घेतला. नाव एकदम ठळक आलं. आणि नावाच्या पुढं, जिथं डोळ्याला नुसतं गुळगुळीत पितळ दिसत होतं, तिथं अगदी पुसट चार आकडे आले. १९६३.

पप्पांचा जन्म १९५७ चा.

आता माणसांना विचारा

वस्तूशी भांडून झाल्यावरच माणसांकडं जा, आधी नाही. आधी गेलात तर ठरलेली गोष्टच मिळेल. फ्रेडरिक बार्टलेट नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं १९३२ च्या त्याच्या पुस्तकात लिहिलंय की लोकांना एक अनोळखी गोष्ट वाचायला देऊन परत परत आठवून सांगायला लावली तर ती दर वेळी थोडी बदलत बदलत त्यांच्या ओळखीच्या साच्यात बसत जाते. आपल्या घरात हे रोज चालतं, कुणी खोटं बोलत नसतं, गोष्ट घोटून घोटून गोल होते.

"आठवणी सांगा की" असं म्हणू नका. म्हातारी माणसं लगेच भाषणाच्या मोडमध्ये जातात, आमच्या वेळी वगैरे. वस्तू त्यांच्या हातात द्या आणि छोटे प्रश्न विचारा. हे कुठं ठेवायचा? कुणाला हात लावू द्यायचा नाही? ह्याचा आवाज कसा यायचा? कुणी पाडलं? मोबाइलवर रेकॉर्ड करणार असाल तर आधी विचारा, आणि मोबाइल उताणा टेबलावर ठेवून विसरून जा, तोंडासमोर धरू नका.

आमची आत्ती गंगावेशीत राहते, मी ठसा घेऊन तिच्याकडं गेले.

"आत्ती, ह्यो डबा आज्जीला लग्नात आलेला न्हवं?"

"व्हय की. म्हाईरचा हाय."

"मग त्येच्यावर त्रेसष्ट साल कसं काय?"

आत्तीनं कागद घेतला, लांब धरला, चष्मा शोधला, परत बघितलं. मग दारातनं बाहेर कोण आहे का ते बघितलं, घरात आम्ही दोघीच होतो तरी.

"आगं बया. हे कसं उठलं गं? त्यो डबा भिशीचा हाय. बारा बायका हुत्या गल्लीतल्या, म्हैन्याला दोन रुपयं. तिचा नंबर लागला तवा तिनं डबा घेतली. सासूला काय सांगणार, पैसं कुठनं आणलीस म्हणून? तर म्हाईरनं आला म्हणाली. नाव बी म्हाईरचंच घालून घेतली, म्हंजे कुणी इचारलं तर दाखवाय. त्या नाव घालणाऱ्यानं सवयीनं साल बी घातलं."

"मग?"

"मग काय. चिंच घ्यून बसायची दर आमुशेला. सारखी तीच कड घासायची."

म्हणजे मला वाटत होतं की वापरून वापरून साल पुसट झालं. आख्ख्या डब्यावर दुसरीकडं कुठंच तेवढी झीज नाही. मी घरी येऊन परत बघितलं, झाकणाच्या त्या दोन इंचांत पितळ जरा पातळच लागतं बोटाला. नऊ-दहा वेळा डबा उतरवलाय मी स्वतः.

यातनं काही बनवायचं

इथं बरेच नवीन लोक घसरतात. दोन गोष्टी करू नका. एक, शाळेतला आत्मवृत्ताचा निबंध. "होय, मीच तो पितळेचा डबा, आज माळ्यावर धूळ खात पडलोय", नको, आपण सगळ्यांनी ते सातवीत लिहून झालंय. दुसरं, रुखवत. वस्तूभोवती मोत्यांची माळ, चमकी, आज्जीचा फोटो, मध्ये पणती. छान दिसतं पण बघणाऱ्याला फक्त हात जोडावेसे वाटतात.

सोपी रचना सांगते, तीन कागद. खाली ठशाचा कागद. त्याच्यावर बटर पेपर, त्यावर न बघता काढलेली रेघ. त्याच्यावर अजून एक बटर पेपर, त्यावर माणसानं बोललेलं एकच वाक्य, जसंच्या तसं, त्याच बोलीत, शुद्ध करायचं नाही. वरच्या कडेला फक्त दोन टाके घाला म्हणजे एकेक कागद उलटून बघता येतो. माझ्या डब्याच्या तीन कागदांत सगळ्यात वर आहे "सारखी तीच कड घासायची". आज्जीचं नाव त्याच्याखालनं दिसतं, अर्धवट.

दुसरं, डबीतलं म्युझियम. काडेपेटी, मिठाईचा बॉक्स, चपलेचा खोका, काहीही. मूळ वस्तू आत चिकटवायची नाही, तिचे ठसे, लेबल, मापाएवढं कापलेलं कापड, असं ठेवायचं. कधी पुण्याला गेलात तर राजा दिनकर केळकर संग्रहालय वेळ काढून बघा. दिनकर केळकरांनी लहानपणीच गेलेल्या त्यांच्या मुलाच्या, राजाच्या नावानं ते उभं केलं, आणि आत काय आहे, तर अडकित्ते, दिवे, फण्या, भांडी, दारं. घरातल्या वस्तू. मी पहिल्यांदा गेले तेव्हा अडकित्त्यांपुढंच तास गेला. आपल्या इथं राजारामपुरीत चंद्रकांत मांडरेंचं संग्रहालय आहे, नट म्हणून सगळ्यांना माहीत, पण त्यांची पावडर शेडिंगची चित्रं जवळ जाऊन बघा, बोटानं पावडर चोळून एवढं काय काय करता येतं हे बघून हात शिवशिवतात.

माती आवडत असेल तर शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतनं थोडी शाडू आणा, भाकरीएवढी थापा, आणि किल्ली, फणी, लाटणं असलं काही दाबून ठसा उठवा. गणपतीच्या आधीच्या दिवसांत जाऊ नका, तिथं कुणाला मान वर करायला वेळ नसतो.

वाकळ असेल तर

ही मला सगळ्यात आवडते म्हणून वेगळी लिहिते. वाकळ, म्हणजे जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून शिवलेली गोधडी, आख्ख्या घराचं रजिस्टर असते. ती अंगणात किंवा गच्चीवर पसरा आणि वहीत तिचा नकाशा काढा, जसा शेताचा काढतात तसा, प्रत्येक तुकड्याला गट नंबर द्या. मग घरातल्या बायकांना बोलवा आणि एकेक तुकडा कुणाचा ते विचारा. आमच्या वाकळेत २७ तुकडे निघाले, त्यातले १९ ओळखले. इरकल लुगड्याचा काठ पणजीचा, चौकडा काकांच्या शर्टाचा, खाकी कुणाच्या तरी हाफ पँटचा, आणि एका गुलाबी फुलाफुलांच्या तुकड्यावरून आई आणि काकूची अशी जुंपली की दुपारचा चहा राहिला. तो तुकडा नकाशात मी "वादग्रस्त" म्हणून रंगवलाय. टाके पण बघा, कुठल्या हाताचे आहेत ते कळतं, मध्येच लांब लांब टाके आले की शिवणारी बदलली किंवा लाइट गेली.

वस्तूच उरली नसेल तर

२०१९ च्या पुरानंतर हे मुद्दाम सांगावं लागतं. माझ्या मामाचं गाव शिरोळ तालुक्यात, घरात आठ दिवस पाणी होतं, अल्बम गेले, पेट्या गेल्या, तिजोरीवर अजून पाण्याची रेघ आहे, माझ्या खांद्याएवढी. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा मामी म्हणाली, आता न्ह्यायला हाय काय.

गेलेल्या वस्तूचं चित्र काढायला लावलं तर माणूस गोठतो. त्यापेक्षा खोलीचा नकाशा काढायला सांगा, वरनं बघितल्यासारखा. दार कुठं, खिडकी कुठं, मांडणी कुठं. चौकोन काढायला कुणी घाबरत नाही. मग प्रत्येक फळीवर काय होतं ते फक्त नावं लिहायची. मामीनं आधी पाच वस्तू लिहिल्या, म्हणाली एवढंच. मग तिसऱ्या फळीवर बोट ठेवून थांबली आणि म्हणाली, इथं हात घातला की आधी मिठाची बरणी लागायची, तिच्या मागं चहाचा डबा, त्यात पैसे. तिथनं पुढं दीड पान लिहिलं तिनं. जागा आठवली की हात आठवतो, हात आठवला की वस्तू येते.

फोटो भिजले असतील तर ओढून सोडवू नका, एकमेकांना चिकटलेले असतील तर स्वच्छ गार पाण्यात ठेवून हळूहळू सुटू द्या, मग तोंड वर करून सावलीत एकेक वाळवा. काचेला चिकटलेला जुना फोटो कोरडा असताना कधीच ओढू नका, काचेसकट स्कॅन करून घ्या. आणि लॅमिनेशन अजिबात करू नका, ते परत काढता येत नाही. कोलाज करायचं असेल तर झेरॉक्स कापा, मूळ फोटो नको. फोटोमागं नावं लिहायची तर पेन्सिलनं, कडेला, हलक्या हातानं, बॉलपेननं लिहिलं तर पुढच्या बाजूला उठतं.

ठेवताना चामडं आणि कापड प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका. आपल्याकडचा पावसाळा माहितीये, जूनमध्ये बांधलेली चप्पल गणपतीला उघडली की हिरवी. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा आणि उन्हाळ्यात एकदा हवा द्या.

कुणाला दाखवायचं

हे आधी ठरवा. वस्तू घराची असते आणि तिच्यातनं जे निघतं ते पण एकट्याचं नसतं, म्हणून मी ज्यांनी सांगितलं त्यांना आधी विचारते. कागदावर तारीख आणि कुणी सांगितलं ते मागच्या बाजूला लिहून ठेवते. काही कागद व्हॉट्सअॅपच्या फॅमिली ग्रुपवर जातात, काही वहीतच राहतात. वाकळेचा नकाशा ग्रुपवर टाकला तर चाळीस मेसेज आले आणि गुलाबी तुकड्याचं भांडण सांगलीपर्यंत गेलं.

डब्याचे तीन कागद आत्तीकडं आहेत, तिनं मागून घेतले. मी विचारलं, पप्पांना दाखवू का, तर म्हणाली, कशाला, त्येला बरं वाटतंय न्हवं. गेल्या दिवाळीला डबा खाली उतरवला, पप्पांनी दोन्ही हातांनी उचलून बघितला आणि पाहुण्यांना म्हणाले, म्हाईरचा हाय आमच्या आईचा, वजन बघा की. आत्ती शेजारीच बसलेली, माझ्याकडं एकदा बघितलं आणि लाडू वळायला लागली.